देवघराची भिंत ठोकून पाहणाऱ्यांसाठी

मी, खंडेराव सावळीराम थेटे, वय ७८, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्याची झेरॉक्स माझ्याजवळ वेगळी आहे, तेव्हा तो गहाळ करून कोणाचा फायदा होणार नाही. प्रत्येक पानावरची कोरी जागा मी आडव्या रेघा मारून बंद केली आहे. वकीलसाहेबांना राग आला, येऊ दे.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. विटा मी रचल्या, माल माझी पत्नी कै. सरुबाई हिने कालवला. देवघराची भिंत चढत असताना तिने काचेच्या बरणीत एक चिठ्ठी घालून ती विटांत बसवायला लावली. म्हणाली, "घराला कळायला नको का, कोणी बांधलं हाय ते?" चिठ्ठी तिने मला वाचून दाखवली होती. आमची दोघांची नावे, त्या दिवशीचे पिठले आणि माझ्या तापटपणाची एक तक्रार, एवढेच त्यात आहे. सोने नाही. हे मी भावकीला कितीदा सांगितले, पण जितके सांगावे तितके त्यांना सोने जास्त दिसते.

२. पुतण्या सुनील याला काहीही देऊ नये. सरूच्या दहाव्याला आला आणि भिंतीला कान लावून गेला. पुढे धातू शोधायचे यंत्र घेऊन आला. ते देवाच्या घंटीजवळ वाजले, तेव्हा याचे डोळे चमकले. यंत्र तो इथेच विसरला आहे. ते परत करावे आणि पोच घ्यावी.

३. मुलगा संतोष याला झेंडूचा मळा विहिरीसह द्यावा. घर नाही. त्याच्याकडे बिल्डरचा माणूस "सहज" चहाला आला होता, पण सहज आलेला माणूस पावलांनी खोल्या मोजत नाही.

४. सून उज्वला हिच्याबद्दल आधीच्या मृत्युपत्रात जे लिहिले होते ते रद्द समजावे. दिवाळीच्या साफसफाईत मला बरणीच्या जागी नवा गिलावा दिसला. रंग वेगळा, कडा ओबडधोबड. मी उज्वलाला सर्वांसमोर विचारले.

"भिंत मीच फोडली होती, मामा. पण घेतलं काय नाय. पाहिजे तर बघा."

मी छिन्नी आणली. सरूची बरणी होती तशी होती. शेजारी औषधाची एक छोटी बाटली होती, आत कागदाची गुंडाळी. काचेतून वरचे शब्द दिसले: "आत्या, तुम्ही गेल्यापासून". उज्वला सरूला आत्या म्हणत असे. माझी सून भिंतीतल्या सासूशी बोलते, कारण माझ्या घरात जिवंत माणसांपैकी तिचे ऐकून घेणारे कोणी नाही, हे मला तिथे कळले. फार वाईट वाटले.

५. सबब राहते घर उज्वलाला द्यावे, तिच्या एकटीच्या नावाने. माझी थापी आणि ओळंबाही तिलाच द्यावा. गिलावा तिला अजिबात जमत नाही, नाहीतर मला पत्ताच लागला नसता.

६. माझे डोके ठिकाणावर नव्हते, असे सुनील कोर्टात म्हणेलच. त्याच्यासाठी लिहितो. दुसऱ्याची पिशवी दिसली की आत डोकावणारा मी माणूस. ती बाटली माझ्या हातात होती, बूच सैल होते, आणि उज्वला पाणी आणायला आत गेली होती. मी बाटली उघडली नाही. सरूच्या बरणीशेजारी ठेवली आणि भिंत स्वतः बुजवली. माझी बुद्धी शाबूत असल्याचा याहून मोठा दाखला कोणताही डॉक्टर देऊ शकणार नाही.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

(सही) खंडेराव सावळीराम थेटे

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही आणि तसे आधीच सांगितले आहे:
१. (सही) चिमाजी पिंगळे, शेजारी. भिंत बुजवताना समक्ष हजर.
२. (सही) कलाबाई काकड, शेजारीण. बाटली उघडली नाही, हे मी पण बघितलं.