सारवलेलं पार्किंग

धुळे, ६ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आता बस वाचत.

फुईने माझं डोकं खाल्लंय, आत्या झाली म्हणून काय झालं! तिच्या चक्कीच्या वरच्या अंगाला त्या बंद टॉकीजचं पार्किंग आहे ना, सगळं काँक्रीट? पावसाचं पाणी उतारावरून थेट चक्कीत. गेल्या वर्षी मोटार बुडाली. यंदा परत पाणी शिरलं तर चक्की मोडून सुरतेला लेकाकडे, हितेंद्रकडे, कायमचं जायचं, असं तिने गल्लीभर सांगून ठेवलंय. पिशवीसुद्धा भरलीय. म्हणून जागेच्या मालकाला पटवून मी काँक्रीट फोडलं. (हे काम नाशकात शिकलो. तिसरी नोकरी. का सोडली ते नंतर.) खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर ब्लॉक, आणि ब्लॉकांमध्ये बोटभर फट, तिच्यात नुसती बारीक खडी. पाणी फटीतून जातं आणि जमिनीत जिरतं. कडेला उथळ चर, त्यात वाळा. टँकर ओतून बघितला, पाणी गायब!

वाळ्याचे ठोंब आणणाऱ्या रुपसिंगला सोडायला शिरपूरच्या पुढे त्याच्या पाड्यावर गेलो. अक्का, त्याचा एक कोंबडा आहे, मोटारसायकलच्या टाकीवर बसून बाजाराला येतो! मग दोन-चार दिवस राहिलोच. परत येतो तर फुईने गल्लीतल्या बायका लावून अख्खं पार्किंग शेणाने सारवलेलं. फटीन् फट बंद! मी ओरडलो तर म्हणे, नवी जागा शे, सारावाबिगर नारळ फोडतस का? नारळ फुटला, संध्याकाळी पाऊस आला, आणि पाणी चक्कीच्या उंबऱ्याला लागलं. मोटार वाचली, पण फुई म्हणते तुझी खडीच खोटी. मी काय करू, सांग?

लोभ असू दे, निदान उत्तर लिहीपर्यंत.
तुझा भूपेंद्र

बोदवड, १२ जुलै

चि. भूपेंद्रास,
अ. उ. आ.

चक्की बुडायला आली आणि तू मला कोंबडा काय सांगतोस?

फटी उघड्या ठेवायच्या, हे फुईला सांगितलं होतंस का? मी तिला फोन केला. म्हणाली, पोऱ्या म्हणे जिरवायचंय, मी विचारलं कोणाची, तर हसला आणि गाडीला किक मारून गेला. तिला तुझं काम अर्धवट राहिलेलं दिसलं. नारळ फोडायला चार माणसं येणार, भाच्याच्या कामाला भेगा दिसायला नकोत, म्हणून त्या बाईने गुडघे टेकून सारवलं. आणि तू तिच्यावर ओरडलास. शाबास.

इकडे कपाशी निंदायला बाया मिळेनात. हे म्हणाले, भूपेंद्रला बोलव. म्हटलं, तो निघेल, पण भुसावळ स्टेशनात गाड्या बघत बसेल. तेव्हा पार्किंग नीट होईपर्यंत गाडीची किल्ली फुईकडे दे आणि तिला समजेल असं सांग.

लोभ आहे, म्हणूनच शिव्या आहेत.
कामिनी

धुळे, २५ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

किल्ली फुईच्या कनवटीला आहे, तेव्हा निर्धास्त वाच.

तिला समोर बसवलं. चाळणीत खडी भरून पाणी ओतलं, गेलं. मग खडीवर शेण थापून ओतलं, तुंबलं. फुई बघत राहिली. मला वाटलं पटलं. तर म्हणे, मन्ही पिठानी चाळणी बाटाडी! झालं, दिवसभर अबोला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच बायका घेऊन स्वतः आली. नळी लावली असती तर शेण आणखी खाली गेलं असतं, म्हणून कोरडंच खरवडलं. उलथण्याने, स्क्रू-ड्रायव्हरने, एकीने तर केसातल्या आकड्याने. फटींत नवी खडी भरली. ती वाहायला पिशवी कमी पडली, तर फुईने सुरतेची पिशवी रिकामी करून आणली. मी काही बोललो नाही. बघ, कधीकधी जमतं मला.

परवा दुपारभर कोसळला. मी म्हटलं मोटार बंद कर. तिने केली नाही. बाजरी दळत, उंबऱ्याकडे बघत उभी. पाणी आलंच नाही. पाऊस थांबल्यावर म्हणाली, जिरनं रे भाऊ. मी विचारलं कोणाची, तर पिठाचा हात पाठीत बसला.

आता नवीनच. आज सकाळी तिथे सडा घालायला गेली. बादल्यांवर बादल्या ओतल्या, जागा कोरडीच्या कोरडी. तुनी जागा मन्हा सडा पी जास, म्हणून भांडतेय. आणि सडा टिकल्याशिवाय किल्ली मिळायची नाही म्हणते. अक्का, तो कधीच टिकणार नाही गं! आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे.

लोभ ठेव, राग जिरव.
तुझा भूपेंद्र