चोवीस सारख्या बरण्या

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (हल्ली साष्टांग कागदावरच बरा, खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतात). तुझा गुडघा, तुझा डावा कान आणि तुझा राग, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. सूनबाईंना आशीर्वाद. भाच्याला म्हणावं, मामाला फोन केल्याने बोटं झिजत नाहीत. पत्रास कारण तसं काही नाही. म्हणजे आहे, पण ते ओघात येईल. फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण आमचा फोन बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत ही बसलेली असते. मधले बारा दिवस तर दिवसभर तिथेच बसून होती. तुझ्या भावजयीने स्वयंपाकघर सोडलं, ताई. भांडण नाही, आदळआपट नाही. ओट्यावर फडकं वाळत घातलं आणि म्हणाली, आता हे तुमचं, तुम्हीच बघा. ती पुन्हा आत यावी, एवढंच माझं मागणं होतं. हे सगळं माझ्यामुळे झालं, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो.

सुरुवात पाण्याच्या पंपापासून झाली. पंप मध्यरात्री घरघरतो, अशी तक्रार करायला मी इमारतीच्या बैठकीला गेलो, तर तिथे नगरपालिकेची एक मुलगी ओला कचरा आणि सुका कचरा समजावत होती. मुलगी हुशार, आवाज खणखणीत. तिने विचारलं, तुमच्या घरातून रोज किती प्लास्टिक बाहेर जातं? कुणालाच माहीत नव्हतं. मग ती म्हणाली की नुसतं वेगळं काढून भागत नाही, धुऊन, वाळवून, चिकटवलेले कागद काढून दिलं तरच त्याचं पुन्हा काहीतरी होतं. नाहीतर खरकट्यासकट सगळं एकाच ढिगात जातं, आणि मग ते कुठल्या गटारात, कुठल्या नदीत आणि कुठल्या गाईच्या पोटात जाईल याचा नेम नाही. ताई, चौतीस वर्षं मी औषधाच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिकटवलेली चिठ्ठी कशी सोडवायची, हे या इमारतीत माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? मी हात वर केला. तक्रारीसाठी केला होता की कामासाठी, ते आता मलाही आठवत नाही, पण बैठक संपली तेव्हा मी इमारतीचा कचराप्रमुख झालो होतो. पंप अजून घरघरतो.

पहिला महिना बरा गेला, खोटं कशाला बोलू. दुधाच्या पिशव्या धुऊन मी दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचो. भाजीला कापडी पिशवी, दुकानात स्वतःचा डबा (दुकानदार आधी हसला, मग त्याने माझा डबा तोलण्यासाठी वेगळं वजन ठेवलं). जिन्याखाली मी चार टोपल्या मांडल्या, वर ठळक अक्षरात नावं लिहिली, आणि वरच्या मजल्यावरच्या वकिलाने केळ्याची सालं कागदाच्या टोपलीत टाकली तेव्हा ती उचलून त्याच्या दाराशी नेऊन ठेवली. आता तो माझ्याशी बोलत नाही, पण सालं योग्य टोपलीत टाकतो. एवढ्यावर थांबलो असतो तर हे बारा दिवस गरम भात खाल्ला असता. पण रिकामा न्हावी आणि भिंतीला तुंबड्या, तसं माझं झालं. बाहेर बघायचं संपलं आणि माझी नजर घरात वळली.

आमचं स्वयंपाकघर तू पाहिलं आहेस. हिने तीस वर्षांत एक प्लास्टिकचा डबा टाकला नाही. मीठ आइस्क्रीमच्या गुलाबी, लांबट डब्यात. साखर कॉफीच्या बरणीत. चहा कोकोच्या डब्यात. मोहरी तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीत, आणि तांदूळ भिंतीच्या रंगाच्या बादलीत (धुतलेल्या, पण वर अजून ‘दोन हात मारा’ असं लिहिलेलं). ज्या माणसाने जन्मभर चिठ्ठी वेगळी आणि औषध वेगळं ही चूक होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं, त्याने रोज सकाळी कोकोतून चहा काढायचा आणि कॉफीतून साखर. मी तीस वर्षं मूग गिळून बसलो होतो. (मूग कशात होते ते विचारू नकोस. पायाच्या भेगांच्या मलमाच्या डब्यात.)

तर ही आठ दिवस लेकीकडे गेली आणि माझ्या अंगात आलं. गरम पाणी, सोडा आणि वर थोडं तेल, हा माझा जुना नुस्खा. चौदा डबे रात्रभर भिजवले, सकाळी सगळे कागद सुटले, सगळी छापील अक्षरं काथ्याने घासून काढली. डबे धुतले, पुसले, उन्हात वाळवले आणि भंगारवाल्याच्या दुकानात स्वतः पोचवले. जाताना छाती पुढे काढून गेलो हेही सांगतो. मग काचेच्या चोवीस बरण्या मागवल्या. एकसारख्या, एका मापाच्या, एकसारख्या झाकणांच्या. आता ऐक. प्रत्येक बरणी फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली, ते गुंडाळलेलं पुन्हा एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अशा चोवीस पिशव्या एका मोठ्या पिशवीत. घरातून जेवढं प्लास्टिक मी बाहेर काढलं, त्याच्या दुप्पट दाराने आत आलं. वकिलाने जिन्यातून पाहिलं आणि हातातली सालं नीट योग्य टोपलीत टाकली, तेच जास्त लागलं. पण मी हरलो नाही. सगळं भरलं, आणि प्रत्येक बरणीवर पांढरी चिठ्ठी, काळी शाई, माझं दुकानातलं बारीक सुबक अक्षर: मीठ. साखर. चहा. फळीवर ओळीने उभ्या केल्या आणि खुर्ची घेऊन समोर बसून राहिलो, इतकं ते सुंदर दिसत होतं.

ही परत आली. फळीकडे पाहिलं. छान आहे, म्हणाली. मी खूश. दुसऱ्या दिवशी चहात मीठ. मी म्हटलं, होतं असं, नवी घडी आहे. संध्याकाळी भाजीत साखर, आणि नुसती चिमूटभर नव्हे. तिसऱ्या दिवशी भाताच्या फोडणीत मोहरी तडतडायला गेली ती मोहरी नव्हतीच, चहाची पूड होती. आता मला सांग, मी काय समजायचं? मी समजलो की ही माझी जिरवते आहे. (माझ्या जागी तू असतीस तर तूही तेच समजली असतीस, कारण तू असतीस तर तू तेच केलं असतंस.) मी जरा तिखट बोललो. म्हटलं, वर एवढं स्वच्छ लिहिलंय, वाचायला काय पैसे पडतात? ती ओट्याशी वळली. फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि पुढचं तुला माहीत आहे.

मग बारा दिवस माझं राज्य. भात कधी चिकट, कधी कच्चा. दूध दोनदा उतू गेलं, एकदा माझ्या समोर, मी बघत असताना. ही मुकाट्याने जेवायची, ताट उचलून ठेवायची आणि खुर्चीत जाऊन बसायची. नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं. घरात दोन माणसं आणि स्वयंपाकघरातून कुणी काही पुटपुटत नाही, भांडं आपटत नाही, मला हाक मारून डब्याचं झाकण उघडून मागत नाही. मला करमेना, ताई. परवा मी हात टेकले आणि म्हटलं, चल, तुझे डबे परत आणू.

भंगारवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि मागे पत्र्याखाली ढीग. मालक तरुण आहे, पोट सुटलेला, बोलायला गोड. मला बघून म्हणाला, काका, तुमच्याइतकं स्वच्छ भंगार आयुष्यात बघितलं नाही, म्हणून ते अजून तोडायला पाठवलेलं नाही, बाजूला ठेवलंय. पण राग येऊ नये म्हणून हळूच असंही म्हणाला की काका, एवढे जाड डबे कुणी देतं का, हे अजून वीस वर्षं चालले असते. आमच्याकडे यावं ते मोडल्यावर यावं. एवढी साधी गोष्ट, ताई. नगरपालिकेच्या मुलीनेही ती सांगितली होती बहुधा, मी तेव्हा हात वर करत होतो. त्याने ढीग दाखवला आणि माझ्या लक्षात आलं की मी माझेच डबे ओळखू शकत नाही. कागद मी काढले होते, अक्षरं मी घासली होती. चांगल्या दोनशे डब्यांत आमचे चौदा कुठले ते देव जाणे.

ही पुढे झाली. खाली बसली. एकेक डबा हातात घ्यायची, काठावरून अंगठा फिरवायची, झाकण दाबून बघायची आणि बाजूला ठेवायची. हा मिठाचा, याच्या कोपऱ्याचा टवका गेलेला. हा साखरेचा, झाकणाला गरम पळीचा चटका आहे. ही मोहरीची, हिच्या बुडाला उंचवटा. अर्ध्या तासात अकरा काढले. मी कौतुकाने बघत होतो, बायको माझी म्हणून मिरवतही होतो. भंगारवाला बघत होता ते वेगळंच. त्याने मला जरा लांब घेतलं आणि म्हणाला, काका, काकू डब्याकडे बघतच नाहीत. मान समोर आहे, हात चाललेत. काकूंना दिसत नाही का?

मी म्हटलं, छे. आणि मग मला चहातलं मीठ आठवलं. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला जे कळलं नाही, ते ज्याने तिला पहिल्यांदा पाहिलं त्याला कळलं. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. तिने तीस वर्षं डबे जमवले ते काटकसरीने, पण गेली दोन-तीन वर्षं ती त्यांच्यावरच चालत होती. लांबट ते मीठ, चपटी ती मोहरी. आणि मी तिच्यासमोर चोवीस सारख्या बरण्या मांडल्या आणि वर मुंगीएवढ्या अक्षरात लिहून ठेवलं, वाच. घरी येताना विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही घरभर चिठ्ठ्या लावल्या असत्या. खरं आहे, लावल्याच असत्या.

काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टर म्हणतात साधं काम आहे, एकेक डोळा करू, पण फार लांबवू नका. ही म्हणते, डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही, माझं डब्यांवर भागतं. आज सकाळी अकरा डबे जागेवर ठेवले, आणि ती आत गेली. चहात साखर होती. मी दोन कप प्यायलो. तरी माझं समाधान नाही, हे तुला कळेल.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप, पत्राचं उत्तर धाड, आणि माझी बाजू घेऊ नकोस, मला ती सवय नाही.

तुझा,
धाकटा (माजी कचराप्रमुख, कालच्या बैठकीत वकिलाला नेमलं)

ता. क. काचेच्या चोवीस बरण्या रिकाम्या आहेत. तुला हव्यात का? गुंडाळायला प्लास्टिक भरपूर आहे.

ता. क. दुसरा. ही शेवटी राजी झाली आहे, पण एका अटीवर. म्हणते, वन्संही आल्या पाहिजेत आणि त्यांनी आधी स्वतःचे डोळे दाखवले पाहिजेत, मग मी येते. मी म्हटलं, ताईच्या डोळ्यांना काय झालंय? तेव्हा तिने सांगितलं की गेल्या खेपेला तू फ्रिजवरच्या ज्या फोटोचं एवढं कौतुक केलंस, नातू अगदी आजोबांच्या वळणावर गेलाय म्हणालीस आणि दृष्ट काढलीस, तो दुधाच्या पावडरीच्या डब्यावरचा छापील मुलगा होता. ती तेव्हाच ओळखून होती. बोलली नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं, आणि कारण डबा हातात घेईपर्यंत तिलाही तो आपलाच वाटला होता.

ता. क. तिसरा. रागावू नकोस. या पत्राचं पहिलं पान मी दुकानाच्या पाटीसारख्या ठळक अक्षरात लिहिलं, आणि पुढे प्रत्येक पान थोडं थोडं बारीक करत आणलं. ही ओळ बाटलीवरच्या चिठ्ठीएवढी आहे. तुझं तुला कुठल्या पानापर्यंत वाचता आलं आणि कुठून पुढे सूनबाईंना हाक मारलीस, तेवढं खरं कळव. खोलीत दोन खाटा टाकून ठेवल्या आहेत.