खिडकीबाहेरचा पायगुण

मिलवॉकी, ५ नोव्हेंबर

ति. लोर्नाताईस,
ग्लेनचा सा. न. वि. वि.

फोनवर माझ्यामागे टीव्ही बोंबलत असतो, म्हणून यापुढे पत्रच लिही असं तू बजावलंस. तेव्हा हे पत्र. आम्ही सगळे खुशाल. पपाही खुशाल, पण लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

आई गेल्यापासून ते भिंतीकडे बघत बसतात, त्यांना कुठेतरी नेत जा, असं तूच म्हणाली होतीस. मी त्यांना 'टिन गूज'मध्ये न्यायला लागलो. शनिवारी आमचा पब सकाळी सातला उघडतो, कारण इंग्लंडात तेव्हा दुपार असते आणि तिथले फुटबॉलचे सामने सुरू होतात. पूर्वी तिथे आम्ही चौघे आणि एक झिंगलेला स्कॉटिश म्हातारा असायचो. आता उजाडायच्या आत रांग लागते. बायका, मुलं, तान्ही बाळं, सगळ्यांच्या गळ्यात इंग्लंडातल्या थॉर्नबी क्लबचे हिरवे मफलर. पपांनाही एक घेतला. तो ते झोपतानाही काढत नाहीत. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण गोल झाल्यावर शेजारच्याने मिठी मारली की स्वारी खूश.

अडचण अशी, की पपा आले की आपण हरतो. दरवेळी. आमच्या चाहत्यांच्या कमिटीत विषय निघाला. आमचे अध्यक्ष डॉ. कर्टिस (दातांचे) फार सभ्यपणे म्हणाले, की ग्लेन, वडिलांबद्दल आदरच आहे, पण पायगुण म्हणून काही असतो. मी पपांना सांगितलंय, की पबात नळाचं काम निघालंय, वसंतापर्यंत बंद.

ते आले नाहीत त्या शनिवारी आपण जिंकलो. आता तूच सांग.

राग गिळावा आणि लोभ ठेवावा.
तुझा, ग्लेन


टूसॉन, १४ नोव्हेंबर

चि. ग्लेन यास,
अनेक आशीर्वाद, निदान कागदावर तरी.

'आपण' म्हणजे कोण रे? ज्या गावचा पाऊस तुझ्या टकलावर कधी पडला नाही, ते नकाशात दाखव म्हटलं तर तू समुद्रात बोट बुडवशील. तो तुझा दातांचा डॉक्टर सिनसिनाटीत जन्मला, आणि बोलतो असा, जणू त्याची नाळ लंडनच्या धुक्यात पुरली आहे.

अकरा धडधाकट गडी समुद्रापलीकडे चेंडू घालवतात आणि पांढऱ्या पायाचे ठरतात आमचे पपा! काळं मांजर आडवं गेलं की आजी घरी परत यायची, तेव्हा तिला अडाणी म्हणणारा तूच ना?

त्यांना पुन्हा ने. नाहीतर निदान खोटं तरी धड बोल. मिलवॉकीतला पब नळासाठी बंद राहत नाही. छप्पर पडलं तरी लोक ग्लासावर हात धरून पितात. हे पपांना कळायला किती वेळ लागेल?

मुलांना गोड पापा. तुझ्या वाट्याचं तू समजून घे.
लोर्ना


मिलवॉकी, १६ जानेवारी

ति. लोर्नाताईस,
सा. न. वि. वि.

तुझा शाप फळला, पण उलटा! पपा नळ दुरुस्त झाला का बघायला बसने एकटेच आले. आत गर्दी बघून बिचारे बाहेरच थांबले, खिडकीला नाक लावून. आपण तीन गोलांनी मागे होतो. तेवढ्यात कर्टिसना ते दिसले, आणि ते इतरांना दाखवतायत तोवर गोल! मग दुसरा, तिसरा, चौथा. सगळा पब वेडा झाला. कर्टिस माझ्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, आपण किती मूर्ख, ग्लेन! पायगुण वाईट नव्हताच, जागा चुकली होती.

तेव्हापासून पपांची जागा पक्की. फुटपाथवर पिवळ्या रंगाने खूण केलीय. बर्फ पडला की पपा ती पायाने साफ करून बरोब्बर तिच्यावर उभे राहतात. आम्हालाही बरं पडतं. नवा मोठा टीव्ही आतून त्या खिडकीच्याच माथ्यावर लावलाय, तेव्हा सगळ्यांची तोंडं तिकडेच. पपा जागेवर आहेत की नाही, यावर लक्ष राहतं.

आता म्हणू नकोस, की मी त्यांना बाहेर काढलं. उलट पबातली सगळ्यात महत्त्वाची जागा त्यांना मिळालीय.

तुझ्या आशीर्वादाने आपण पहिले आहोत. असाच लोभ असो.
तुझा, ग्लेन


मिलवॉकी, ३ फेब्रुवारी

चि. लोर्ना हिस,
पपाचे अनेक आशीर्वाद.

तू ग्लेनला फोनवर फार टाकून बोललीस, असं सूनबाई म्हणाली. तसं बोलू नये, पोरी. थंडी आहे, पण बाटल्यांच्या कारखान्यात असताना घालायचो तशी मी कोटाच्या आत वर्तमानपत्रं घालतो. अर्ध्या खेळानंतर डॉक्टर स्वतः कॉफी आणून देतात. एकदा मोरीसाठी आत जाऊ का विचारलं, तर म्हणाले, मिस्टर क्रूगर, आत्ता नको, आपण एकाने पुढे आहोत. बरोबरच आहे त्यांचं.

तू विचारलंस, बाहेरून दिसतं काय. टीव्ही नाही दिसत. पण सगळ्यांचे चेहरे दिसतात, त्यावरून खेळ कळतो. आणि गोल झाला ना, की सगळा पब माझ्याकडे बघून हात वर करतो. अनोळखी माणसं, बाळांना खांद्यावर घेऊन. मीही हात करतो. सगळा जन्म कारखान्यात घातला, निरोपाच्या दिवशी एक केक मिळाला. पण असं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. तुझ्या आईने हे बघायला हवं होतं.

तेव्हा हे मोडू नकोस. खोकला किरकोळ आहे.

म्हाताऱ्यावर माया असू दे.
पपा


मिलवॉकी, २२ मार्च

ति. लोर्नाताईस,
सा. न. वि. वि.

दफनाला तू आलीस, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. सगळ्यांच्या लक्षात आलं.

न्यूमोनिया कुणालाही होतो. डॉक्टरांनीही (खऱ्या) वय झालं होतं म्हणूनच सांगितलं. दफन दुपारी ठेवलं यावर तू माझ्या बायकोपाशी नाक मुरडलंस, पण सकाळी सामना होता आणि लोकांना दोन्हीकडे यायचं होतं. सगळे मफलर घालून आले, हे तुला दिसलं नाही? सगळेच रडत होते. आपण हरलो होतो.

कर्टिसनी पपांचा कोट आणि टोपी मागितलीय, खुर्चीवर घालून खिडकीबाहेर ठेवायला. मी दिली. पपांना आवडलं असतं.

लोभ उरला असेल तर कळावे.
ग्लेन


टूसॉन, ३० मार्च

चि. ग्लेन यास,
आशीर्वाद.

पपांचं शेवटचं पत्र मी रोज वाचते. त्यात काय आहे, ते तुला सांगणार नाही. एवढंच विचारते: तू त्या खिडकीबाहेर उभा राहून आत कधी बघितलंस का?

मुलांना पापा.
लोर्ना


मिलवॉकी, २० मे

ति. लोर्नाताईस,
सा. न. वि. वि.

बघितलं.

खुर्चीवरचा कोट चालला नाही. आपण दुसऱ्या क्रमांकावर घसरलो आणि शेवटचाच सामना उरला. कमिटीत कर्टिस म्हणाले, की पायगुण रक्तातून उतरतो. मला वाटलं गंमत करतायत, म्हणून मी मोठ्याने हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. हात वर करून मत घेतलं. माझ्या बायकोचाही हात वर होता. जरा उशिरा गेला, पण गेला.

पाऊस होता, मिलवॉकीचाच. मी पिवळ्या खुणेपाशी उभा राहिलो. काच बंद असली की आतला काही आवाज येत नाही, ताई. चेहरेच दिसतात. गोल झाला तेव्हा सगळा पब माझ्याकडे तोंड करून उसळला, हात वर, बाळं खांद्यावर. मीही हात वर केला. मग दिसलं, की कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या डोक्याच्या वीतभर वर, टीव्हीवर. माझी बायकोही तिकडेच बघून टाळ्या वाजवत होती.

एकट्या कर्टिसनी माझ्याकडे बघून हात हलवला. मला इतकं बरं वाटलं, की मीही हलवला. ते हलवतच राहिले. जरा वेळाने कळलं, ते डावीकडे सरकायला सांगत होते, खुणेवर नीट.

मी सरकलो. मग ते जिंकले.

पपांच्या पत्रात काय आहे, ते आता सांगू नकोस. जमलं तर फोन कर. मागे टीव्ही नसतो आता.

तुझा, ग्लेन