बाबांच्या हातची चीर

१४ जानेवारी

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

नवऱ्याच्या हाती हे पत्र देऊ नकोस, त्याच्या मोठ्या बहिणीने हे तुलाच लिहिलं आहे.

इथे शहरातल्या दुकानात आम्ही रिकाम्या शंखांचे दिवे करतो. पोती आपल्याच किनाऱ्यावरून येतात. आतली गोगलगाय खाणावळींसाठी काढताना शंखाला जी चीर पाडतात, तिच्यातूनच मी वायर ओवते. प्रत्येक हाताची चीर वेगळी. बाबांची बोटाच्या पेराएवढी, जराशी तिरकी, कडेचा टवकाही न उडालेली. गेले सहा महिने तशी चीर दिसली की मी मालकांना ऐटीत सांगत होते, हा आमच्या बाबांच्या हातचा.

काल भावाचं पत्र आलं. बाबांचा खांदा धरल्यापासून त्यांच्या जागी गोगलगाय काढायच्या शेडमध्ये तू बसतेस, म्हणे. बाबांनी तिला छान तयार केलं, हेही वर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते. तुझे हात खराब होतील म्हणून मला हाकलायचे. आणि काल-परवा घरात आलेल्या तुला शेजारी बसवून शिकवलं! मी त्यांचं काय घोडं मारलं होतं? त्यात तुझी चीर मला वेगळी ओळखूही येऊ नये, याचा राग सगळ्यात जास्त आला.

लोभ कुणावर किती करायचा हे त्या घरात ठरलेलं दिसतं. तरी असावा.

तुझी नणंद

२२ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला, मग भाजी करपली.

शेजारी बसवून शिकवलं म्हणता? चार महिने मामंजींनी सगळ्या शेडसमोर माझा उद्धार केला. घाव जरा चुकला की कपच्या मांसात जातात आणि खाणावळवाला टोपली परत पाठवतो. पहिल्या आठवड्यात माझी दोन नखं गेली, त्यांनी साधी चौकशी केली नाही. तुमचे हात खराब होतील याची त्यांना काळजी होती. माझ्या हातांची कुणाला होती? जळायचा हक्क खरं तर माझा आहे, आणि मी तो रोज बजावते. तुमचं पत्र आलं की मामंजींचा चष्मा शोधायला अख्खं घर कामाला लागतं.

आता कामाचं. माझी आई पाय मोडून पडली आहे. दोन महिने तिच्याकडे जायला हवं. जागा आठवडाभर रिकामी राहिली तर दुसऱ्याला देईन, असं मुकादम म्हणतो. ह्यांना बोटीवरून सवड नाही. तुम्ही या. मामंजी आधी नाहीच म्हणाले. मग जागा जाऊ द्या, म्हटलं मी. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बोलाव तिला.

एकच अट. ते तुमच्यावर ओरडले, तर शब्द न गाळता मला कळवायचं. तेवढं सुख मला मिळू द्या.

राग सरला की उरलेला लोभ पाठवा.

तुमची भावजय

१६ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईंना आता टेकून बसता येतं हे वाचून बरं वाटलं.

अटीप्रमाणे कळवते. पहिल्या दिवशी अकरा शंख घेतले, अकराही नासले. बाबा असे ओरडले की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. म्हणाले, शहरात दिवे लावलेस तेवढे पुरेत, सूनबाईने पहिल्या दिवशीही एवढी नासधूस केली नव्हती. यातलं सूनबाईचं वाक्य ते अजून रोज म्हणतात. तुझं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत.

जन्मात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. शेडमागे जाऊन मी रडले, आणि खरं सांगू, बरंही वाटत होतं.

परवा सुरीने अंगठा कापला. आता घरी जा म्हणतील म्हणून मी मान वर केली नाही. त्यांनी रुमाल फाडून चिंधी बांधली, दुखऱ्या खांद्याचा हात पुढे केला आणि शंखावर बोट टेकवून सांगितलं, इथे मार. गोगलगाय अख्खी बाहेर आली. त्यांनी पुढचा शंख माझ्यासमोर सरकवला. मुकादमाने जागा आपल्याकडेच ठेवली आहे.

आईंना पूर्ण बरं होऊ दे. दोनाचे तीन महिने झाले तरी चालतील. हे काही मी मायेने लिहीत नाही. अजून थोडे दिवस बाबांनी फक्त माझ्यावर ओरडावं, एवढंच.

लोभ वाढव, मुक्कामही वाढव.

तुझी ताई