हाडातला मगज

औरंगाबाद,
१२ डिसेंबर १९७६

साळूबाई विहीणबाईंस मनकर्णाबाईचा नमस्कार.

पत्र रामकिसनरावच वाचून दाखवतील, म्हणून जावईबापूंनाही आशीर्वाद. फुलंब्रीला आमची ज्वारी हुरड्यावर आलीय म्हणतात, मला बघायला झालं नाय. वैजापूरला कांद्याचं कसं काय? मी आणि वच्छला, आम्ही मायलेकी दिवाळीपासून इथं दवाखान्यातच आहोत.

डॉक्टर करीमसाहेब चांगला माणूस आहे. रामकिसनरावांना त्यानंच सांगितलं होतं, "इसका मगज सूख गया." जावईबापूंनी तेवढंच ऐकलं, लेकीला, बबीला उचललं आणि वैजापूरची मोटार धरली. मग तुमच्या गल्लीभर झालं, वच्छलाचं डोकं फिरलं. अहो, तो मगज डोक्यातला नव्हे. आमच्याकडं पाहुणचाराला आलात तेव्हा मटणाची नळी दोनदा मागून घेतलीत ना, त्या नळीत असतो तो मगज.

माणसाचं रक्त तिथंच तयार होतं म्हणे. अंगाला जोर देणाऱ्या लाल पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि वाहतं रक्त थांबवणारे बारके कण, सगळं हाडातल्या मगजातून निघतं. वच्छलाचं तिन्ही आटलंय. कंबरेच्या हाडात सुई घालून बघितलं तर आत नुसती चरबी.

कशानं झालं, मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, खाण्यापिण्यातलं कमी पडलं असतं तर गोळ्या-इंजेक्शनांनी भरून आलं असतं. कधी एखादं औषध बाधतं. कधी अंगातलेच शिपाई चुकून आपल्याच मगजाला दुश्मन समजतात. पुष्कळदा कारण सापडतच नाय. पण करणी नाय की बाहेरचं नाय. तिच्या दंडावरचे निळे डाग बघून तुम्ही म्हणालात, पोरगी स्वतःला मारून घेते. ते कण कमी झाले की दाराचा धक्का लागला तरी कातडीखाली रक्त साकळतं. मला लई राग आला होता तुमचा. अजून आहे.

कारभारीनं बहिणीसाठी रक्त दिलं. बाटली चढवली की ओठांवर जरा रंग येतो, मग पुन्हा पांढरे. आता बाटल्यांनीही भागत नाय. डॉक्टर पुढचं काही बोलत नाय आणि मीही विचारत नाय.

रामकिसनरावांसाठी पोरी बघताय, असं कारभारीच्या कानावर आलं. बघा. त्यावरून मी भांडणार नाय. हे पत्र बबीसाठी आहे. तिला एकदा घेऊन या. वच्छलाच्या अंगात पांढऱ्या पेशी राहिल्या नाहीत, लेकराची सर्दीसुद्धा तिला झेपायची नाय, म्हणून दवाखान्यातले बबीला जवळ घेऊ देणार नाहीत. नाय तर नाय. दारात उभी करा, ती खाटेवरून बघेल. तुम्हाला आत यायचं नसलं तर मी बाहेर येऊन बबीला घेते.

बबी का येत नाय, म्हणून वच्छला रोज विचारायची. मी सांगून टाकलं, तिला गोवर आलाय. मग रोज, "आई, गोवर उतरला का?" परवापासून विचारायची थांबलीय. डोकं शाबूत आहे हो माझ्या पोरीचं. तिला सगळं कळतंय.

लवकर या.

अजून तरी वच्छलाची आई,
मनकर्णा