डावाच की गेला!

१ जानेवारी १९९९
सरलं एकदाचं ते वर्ष! जाताना ह्यांचा डावा हात घेऊन गेलं. शिरोलीच्या फौंड्रीत ओतकाम करताना वितळलेल्या लोखंडाचा रस उसळला — मनगटापासून हात कापावा लागला.

शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मधुवंतीबाई म्हणाल्या, "रोज एक तरी चांगली गोष्ट लिहा. मनाला उभारी येते." त्यांचं काय जातंय सांगायला! पण रडून रडून माझा मलाच वीट आलाय. म्हणून लिहिते.

आजची चांगली गोष्ट — हे जिवंत आहेत.

३ जानेवारी
सुचत नाही.

६ जानेवारी
ह्यांच्याबरोबर भट्टीवर काम करणारे बाळासो आले. दारातूनच मोठ्यानं, "वैनी, रडायचं न्हाय! डावाच की गेला. उजवा हाय न्हवं? लिवायला, जेवायला काय अडतंय?"

पटलं मला! उजवा गेला असता तर? देवाचे उपकारच म्हणायचे. आता हेच धरून चालायचं, ठरवलं. ह्यांनाही सांगितलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

१४ जानेवारी
संक्रांत. ह्यांच्या उजव्या हातावर तिळगूळ ठेवला, हसून म्हटलं, "बघा, हा आहे की!" तिळगूळ उशाशी तसाच पडून राहिला. मुंग्या लागल्या.

जेवतच नाहीत. ताट ठेवलं की मागे सारतात. अव्वा — माझ्या सासूबाई — रडकुंडीला आल्या की संध्याकाळी कसेबसे दोन घास. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो अंगावर.

२२ जानेवारी
ओरडले आज ह्यांच्यावर. "दोघांच्या वाटणीचं मी एकटीनंच आनंदी राहायचं का?" नंतर लाज वाटली. पण खोटं नव्हतं बोलले.

दुपारी "बोटं जळत्यात" म्हणून कळवळले. नसलेली बोटं! कुठं फुंकर घालू?

२ फेब्रुवारी
दवाखान्यात वजन केलं. डॉक्टर रागावले. असंच चाललं तर माणूस हाताशी लागणार नाही, म्हणाले. रिक्षात मी पुन्हा तेच तुणतुणं लावलं — डावाच गेला, उजवा आहे. हे म्हणाले, "गप की गं जरा."

३ फेब्रुवारी
अव्वांना म्हटलं, एवढं देवानं वाचवलं, पण ह्यांना त्याची कदर नाही. अव्वा भाकरी थापत होत्या. हात थांबला त्यांचा. "माझ्या मृत्युंजयानं पूजा कशावर करायची गं?"



आम्हा लिंगायतांची रोजची पूजा — गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, विभूती, बेल वाहायचा. लहानपणापासून ह्या पूजेशिवाय ह्यांनी तोंडात घास घातला नाही. हात गेल्यापासून पूजा बंद. मला वाटलं, देवावर रुसलेत! आणि मी रोज जाऊन सांगतेय, डावाच गेला. माझ्याही गळ्यात लिंग आहे. पण शाळेच्या घाईत मी नुसती हात जोडून पळते, मला कुठलं सुचायला!

"पाटावर ठेवून करू देत की."

"जंगमस्वामीबी त्येच सांगून गेलं. ऐकत न्हाय. तळहातच पायजे म्हणतोय."

"मग मी धरते हात."

"खुळी का काय! ज्येचं लिंग त्येच्याच हातावर. दुसऱ्यानं शिवायचंबी नसतंय."

४ फेब्रुवारी
आज चांगलं काही लिहिणार नाही. ह्यांच्याजवळ नुसती बसले. समजावलं काही नाही.

१४ फेब्रुवारी
महाशिवरात्र. गल्लीत सकाळपासून घंटा. हे आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसले. गळ्यातलं लिंग उजव्या मुठीत घट्ट. रडत होते — हात गेल्यापासून पहिल्यांदा. बरं वाटलं मला. असं लिहू नये, पण वाटलं.

१५ फेब्रुवारी
सकाळी उपास सोडायच्या वेळी ह्यांनी हाक मारली. "तुझा डावा हात दे हिकडं." अव्वा दारातच उभ्या होत्या. ह्यांनी लिंग माझ्या तळहातावर ठेवलं, पाणी घातलं, बेल वाहिला. हात भरून आला, पण मी हलवला नाही. अव्वा आत जाऊन ताट वाढायला लागल्या.