पश्चिमेच्या दरजा

इंदिरानगर, बेंगळुरू
१४ नोव्हेंबर २०२४

खंडोजी अण्णांना हेमलताचा नमस्कार.

एकोणीस वर्षांनी लिहिते आहे. गुडघे कसे आहेत? येलहंक्यात थंडी पडू लागली असेल. हे पत्र तुम्ही संयोगिताकडून वाचून घ्याल, ठाऊक आहे. तुमच्या मुलीच्या तोंडून ते ऐकलं जावं, म्हणूनच लिहिते आहे.

आपल्या घड्याळाच्या टॉवरची दुरुस्ती पुन्हा निघाली आहे. देखरेख तेव्हासारखी माझ्याकडेच आहे. मंगळवारी वरून अर्धी वीट पडली, ती खाली फुलं विकणाऱ्या अंबुबाईंच्या टोपलीत. त्या मला म्हणाल्या, "अक्का, गिऱ्हाईक नाही म्हणून टॉवरच खरेदीला उतरला बघा!" सगळे हसले. मला जमलं नाही. वीट पश्चिमेची होती.

नवा अहवाल इंजिनियर नरसिंहरावांनी केला आहे. त्यात 'मूळ गवंड्याचं निकृष्ट काम' म्हणून तुमचं नाव आहे. चारही बाजूंच्या विटांमधल्या दरजा चुन्यानं भरलेल्या, असं जुनी नोंद सांगते. त्यामुळे येत्या सोमवारी पश्चिम बाजू पाण्याच्या झोतानं धुवायची ठरली.

ती नोंद माझ्या हातची आहे.

खरं काय ते माझ्या डायरीत आहे. उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं. "चुना महिनाभर मुरल्याशिवाय मी हात लावणार नाही," असं सांगून तुम्ही चंपाषष्ठीला मंगसुळीला खंडोबाच्या दर्शनाला गेलात. मी दुसरी माणसं लावून तीन दिवसांत पश्चिमेच्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या आणि वरून चुन्याचा हात फिरवला. परत आल्यावर तुम्ही हातोडीनं एक वीट वाजवलीत, कान लावलात.

"अक्का, ही बाजू माझी नाही."

"तुमचीच आहे, अण्णा," मी म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यानंतर विटा सुटू लागल्या. चौकशीच्या बैठकीत ठपका तुमच्यावर आला, कामं मिळेनाशी झाली. त्या बैठकीत मला कुणी काही विचारलं नाही, असं मी डायरीत कितीदा लिहिलं आहे. विचारलं होतं, अण्णा.

चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. आता झोत मारला असता तर विटांचा अख्खा थर अंबुबाईंच्या डोक्यावर आला असता.

आज सकाळी हे सगळं सहीनिशी, डायरीचं पान जोडून, नरसिंहरावांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, स्वल्प… जरा विचार करा. वीस वर्षांचं नाव जाईल."

"गेलंच आहे ते," मी म्हटलं. "खंडोजींचं."

धुण्याचं काम थांबलं. फूटपाथ बंद केला. अंबुबाई समोरच्या बाजूला बसल्या आहेत, माझ्यावर चिडून.

माझी देखरेख आता राहणार नाही. राहू नये. पण कुठली वीट धड आहे हे आवाजावरून सांगणारं इथं कुणी नाही. मी तुमचं नाव सुचवलेलं नाही. तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल पुन्हा काही लिहायचं नाही, एवढं शिकले. यावंसं वाटलं तर नरसिंहरावांना कळवा. मी तिथे नसेन.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. मी तो मागत नाही.

पश्चिमेची बाजू जिची आहे ती,
हेमलता